वाटेत भेटलेली कुत्री आणि आपला कॅमेरा

गेल्या अंकात या पानावर माझा एक फोटो छापून आला होता. मेढ्याचं एसटी स्टँड, पहाटेचा गारठा, बाकाखाली एकमेकांना चिकटून झोपलेली तीन कुत्री. बावीस वर्षं मी साताऱ्यात लग्नांचे फोटो काढले. तेव्हा कुणी पत्र लिहून काही विचारल्याचं आठवत नाही, या एका फोटोवर मात्र थप्पीच आली. जवळजवळ सगळ्यांचं विचारणं एकाच गोष्टीभोवती आहे: प्रवासात रस्त्यावरचं कुत्रं भेटतं, जीव लावतं, आपण फोटो काढतो आणि पुढं जातो, मग त्याचं काय? त्यातली काही पत्रं इथं घेते. काही उत्तरं लांबली आहेत, ती लांबू दिली.

ताई, फोटो कुत्र्याच्या डोळ्यांच्या उंचीवरून काढावा असं सगळे सांगतात. पण मी खाली वाकलो की कुत्रं पळतं, नाहीतर भुंकत अंगावर येतं. माझ्याकडे साधा मोबाइल आहे. माझं काय चुकतं?
— एक विद्यार्थी, सांगली

तू वाकतोस ना, तिथंच सगळं बिघडतं. आपल्या रस्त्यावरच्या कुत्र्यानं वाकणारा माणूस बहुतेक वेळा एकाच कामासाठी पाहिलेला असतो, दगड उचलायला. तुझ्या हातात दगड नसून मोबाइल आहे हे कळायला ते थांबत नाही. परदेशी पुस्तकांत 'गुडघ्यावर बसा' असं लिहिलेलं असतं ते तिथल्या पाळीव कुत्र्यांसाठी ठीक आहे. आपल्याकडे आधी बसायचं आणि मग कुत्र्याची वाट बघायची.

देवळाचा पार, बंद दुकानाची पायरी, घाटाची पायरी, कुठंही बस. कुत्र्यापासून पंधरा-वीस पावलं लांब आणि त्याच्याकडे तोंड करून नाही, जरा आडवा. मोबाइल मांडीवर असू दे. डोळ्यात डोळे घालून बघणं ही कुत्र्यांमध्ये भांडणाची सुरुवात असते, आणि आपली लेन्स म्हणजे तर न मिटणारा मोठा डोळाच. पाच-दहा मिनिटं काहीच करू नकोस.

वाईला ढोल्या गणपतीच्या घाटावर मी एका पांढऱ्या-तांबड्या कुत्रीसाठी अशीच बसले होते. आधी तिचे कान माझ्याकडे वळले. मग नाकपुड्या हलल्या, वारा माझ्याकडून तिच्याकडे वाहत होता. मग ती उठली, जागच्या जागी एक गिरकी घेऊन परत बसली, आणि मोठा सुस्कारा सोडून तिनं हनुवटी पुढच्या पायांवर टेकली. तो सुस्कारा मला ऐकू आला. मी परवानगी मानते ती त्याला. त्यानंतर मी मोबाइल हळूच छातीपर्यंत उचलला आणि चार फोटो काढले. चौथ्यात तिच्या डोळ्यात कृष्णेचं पाणी दिसतं.

उलट खुणाही ओळखायला शीक. झोप आलेली नसताना जांभई, पुन्हापुन्हा ओठ चाटणं, मान वळवून डोळ्याचा पांढरा कोपरा दाखवणं, शेपूट पोटाखाली घेणं. यातलं काही दिसलं की मोबाइल खाली ठेव आणि तिथून सावकाश बाजूला हो. जवळ जायच्या ऐवजी झूम वापर, फ्लॅश कधीच नको, आणि दुपारी सावलीत झोपलेल्याला 'च्यक च्यक' करून उठवू नकोस. रात्रभर गल्ली राखून ते नुकतंच आडवं झालेलं असतं. पिल्लांजवळची कुत्री असेल तर लांबूनही थांबू नकोस.

आम्ही मैत्रिणी डिसेंबरात पाचनईतून हरिश्चंद्रगडावर चढलो आणि खिरेश्वरला उतरलो. पाचनईपासून एक कुत्रा दोन दिवस आमच्याबरोबर होता. कोकणकड्यावरचे त्याचे फोटो फार सुंदर आले आहेत. खिरेश्वरला आमची गाडी आली आणि आम्ही निघालो. तो रस्त्यात उभा राहून बघत होता. तेव्हापासून मनाला चैन नाही. तो परत गेला असेल का?
— एक वाचक, पुणे

गेला असेलही. कुत्र्याचं नाक आल्या वाटेनं परत नेऊ शकतं. पण मध्ये टोलार खिंडीची चढण आहे, आणि त्याआधी खिरेश्वरची कुत्री. परक्या गावचं कुत्रं आपल्या हद्दीत आलेलं त्यांना खपत नाही. तुम्हाला खोटा धीर देत नाही. त्यापेक्षा आजच्या आज एक काम करा. पाचनईत ज्या घरी जेवलात त्यांचा नंबर तुमच्याकडे असणार. त्यांना फोटो पाठवा आणि विचारा. आला नसेल तर खिरेश्वरला ज्यांच्याकडे चहा घेतला त्यांनाही पाठवा. डोंगरावरून ती दोन गावं एका दिवसाच्या चालीवर आहेत, पण गाडीरस्त्यानं एक अकोले तालुक्यात आणि दुसरं जुन्नरमध्ये. म्हणून कुणीतरी मुद्दाम आणल्याशिवाय रस्त्यानं तो पोचणार नाही.

हे इतकं ठासून सांगते कारण माझ्या हातून हेच घडलं आहे. २०११ चा डिसेंबर, राजगड ते तोरणा. गुंजवण्यात चहा घेताना एक तांबूस कुत्री पायाशी आली. मी ग्लुकोजची चार बिस्किटं दिली आणि ती चोरदरवाज्यापर्यंत वर आली. रात्री पद्मावती माचीवर देवळाच्या पायऱ्यांशी झोपली. सकाळी संजीवनी माचीवर धुकं होतं. तटावर उभी राहून ती मागं वळून बघतेय, असा फोटो मला मिळाला. अळू दरवाज्यातून उतरून आम्ही धारेला लागलो, ती पुढं, आम्ही मागं. बुधला माचीच्या अलीकडच्या कातळावर दोघांनी तिला उचलून वर घेतलं आणि आम्हाला त्याचा केवढा आनंद झाला! संध्याकाळी वेल्ह्यात उतरलो तर चार कुत्री तिच्यावर धावून आली. ती एका जीपखाली शिरली. आमची एसटी लागलेली होती. आम्ही चढलो.

घरी येऊन फोटो संगणकावर मोठे करून बघितले तेव्हा दिसलं. तिचे सड ओढलेले, दुधानं भरलेले होते. माझ्याच फोटोत ते स्वच्छ दिसत होतं, आणि दोन दिवस ती माझ्यासमोर चालत असताना मला दिसलं नव्हतं. भाद्रपदात कुत्री माजावर येते, दोन महिन्यांनी विते, म्हणजे दिवाळीपासून पुढं थंडीभर गावोगाव कुत्रीच्या अंगावर पिल्लं असतात. हे मी लहानपणापासून ऐकत आले होते. बिस्किटाला ती आली कारण दूध पाजून तिला भूक लागत होती.

सकाळी गुंजवण्याला फोन केला. त्या मावशी म्हणाल्या, "अगं, कडब्याच्या गंजीत पिल्लं दोन रात्री केकाटतायत, आम्ही म्हटलं बिबट्यानं नेली हिला." त्यांचा मुलगा मोटरसायकलवर वेल्ह्याला गेला, स्टँडजवळ ती सापडली, कान फाटलेला होता. दूध घेऊन येणाऱ्या गाडीत बसवून आणली. पाचांतली तीन पिल्लं जगली. संजीवनीवरचा तो फोटो मी कधी छापायला दिला नाही.

तेव्हापासून चढाईच्या गावात मी कुत्र्याला खायला देत नाही, मागं लागलंच तर गावकऱ्यांना हाक मारून धरायला सांगते. पोटाखाली आधी बघते. तरी आलंच तर वरती पाणी देते आणि आल्या वाटेनंच उतरते. धारेवरून दुसऱ्या गावात उतरायचा बेत असेल तर बरोबरच्या सगळ्यांना आधीच सांगते की कुत्रं आलं तर त्याला परत पोचवायच्या गाडीचे पैसे वर्गणीत धरलेले आहेत.

आमच्या सहलीत एका कुत्र्याच्या कानाचा तुकडा कापलेला दिसला. इतकी क्रूर माणसं असतात! मी फोटो काढला आहे. तक्रार कुठं करू?
— एक वाचक, नाशिक

तुकडा सरळ कापलेला किंवा व्ही आकाराची नीट खाच असेल तर तक्रार नको. नसबंदी झाल्याची ती खूण आहे. शस्त्रक्रियेच्या वेळी भूल असतानाच ती करतात. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे नसबंदी आणि रेबीजची लस झालेल्या कुत्र्याला पकडलं होतं तिथंच परत सोडायचं असतं, आणि तेच कुत्रं पुन्हा उचललं जाऊ नये म्हणून लांबून दिसेल अशी खूण लागते. (शाळा, रुग्णालयं, बस आणि रेल्वे स्थानकांच्या आवारांतली कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवावीत, परत तिथं सोडू नयेत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयानं ७ नोव्हेंबर २०२५ ला दिला. माझ्या मेढ्याच्या तीन कुत्र्यांची मला तेव्हापासून काळजी आहे.)

एक विनंती. फोटो 'सुंदर' करताना ती खाच पुसून टाकू नका. एका तरुणानं मला तसा फोटो दाखवला होता, दोन्ही कान अखंड केलेले. त्या कुत्र्याच्या अंगावरची सगळ्यात कामाची गोष्ट त्यानं खोडली होती.

दर वर्षी डिसेंबरात आम्ही गोव्याला जातो. मांद्रेच्या किनाऱ्यावर एक काळं कुत्रं आम्हाला ओळखतं. फोटोत मात्र ते नुसता काळा डाग दिसतं. दुसरं, आम्ही त्याला आठवडाभर चिकन-भात देतो, ते योग्य ना?
— एक दांपत्य, कोल्हापूर

डागाचं आधी. उजळ वाळू बघून कॅमेरा सगळं चित्र काळवंडून टाकतो. मोबाइलवर कुत्र्यावर बोट ठेवा आणि बाजूला येणारं सूर्याचं चिन्ह थोडं वर सरकवा. वाळू पांढरी पडली तरी चालेल. सकाळी लवकर किंवा माडाच्या सावलीत काढा, आणि त्याचं तोंड मोकळ्या आभाळाकडे असू द्या. डोळ्यात चमक आली की काळं कुत्रं फोटोत जिवंत होतं.

आता चिकन-भात. डिसेंबरात त्या कुत्र्याला काही कमी नसतं. किनाऱ्यावरची खाण्यापिण्याची शॅक चालू असतात आणि तुमच्यासारखे दहाजण असतात. त्याचे हाल जूनमध्ये सुरू होतात. पावसाआधी शॅक उतरवतात, पर्यटक जातात, किनारा ओस पडतो आणि हंगामात वाढलेल्या कुत्र्यांची पोटं तेवढीच राहतात. म्हणून तुमच्या आठवड्याच्या चिकनचे पैसे अशा माणसाला द्या जो पावसातही तिथं राहतो आणि त्यांना घालतो. प्रत्येक किनाऱ्यावर असं कुणीतरी असतंच, माडवाल्याला किंवा होडीवाल्याला विचारलं की कळतं. आणि मोरजी, आगोंद किंवा गालजीबागला गेलात तर कासवांच्या घरट्यांच्या कुंपणाजवळ कुत्र्याला खायला घालू नका. रेतीतली अंडी ती उकरतात.

पाळोळ्याला एका पिल्लाचा फोटो काढताना खेळता खेळता त्याचं नख माझ्या मनगटाला लागलं, बारीक रक्त आलं. सगळे म्हणाले, गोवा रेबीजमुक्त आहे, काही होत नाही. आता घरी आले आहे. घाबरायचं का?
— एक वाचक, बेळगाव

पत्र वाचून मी तुम्हाला लगेच संपादकांमार्फत निरोप पाठवला होता, तो मिळाला आणि लस सुरू झाली हे कळलं, म्हणून इथं इतरांसाठी लिहिते.

गोवा २०२१ मध्ये देशातलं पहिलं रेबीज-नियंत्रित राज्य म्हणून जाहीर झालं. फार मोठं काम आहे ते, वर्षानुवर्षं गल्लोगल्ली कुत्र्यांना लस टोचून केलेलं. पण नियंत्रित म्हणजे मुक्त नव्हे. रक्त आलं म्हणजे जखम आहे, मग ती पिल्लानं केलेली का असेना. ताबडतोब वाहत्या पाण्याखाली साबणानं घड्याळ लावून पंधरा मिनिटं धुवायचं. हळद, चुना, तिखट काही लावायचं नाही. तिथल्याच सरकारी दवाखान्यात त्याच दिवशी जायचं, घरी पोचायची वाट बघायची नाही. दंडात घेतली तर लस ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी असते. कातडीत टोचतात ती ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी. पुढचे डोस आपल्या गावी घेता येतात, कागद जपून ठेवायचा. रक्त आलेलं असेल तर जखमेत टोचायचं वेगळं सीरमही लागतं, ते डॉक्टरांना स्वतःहून विचारा. लक्षणं दिसायला लागल्यावर या रोगात हाती जवळजवळ काही राहत नाही.

इथं तुमचा फोटो कामाला येतो. चावलेलं कुत्रं दहा दिवस धडधाकट राहिलं तर डॉक्टर पुढचे डोस थांबवायचं ठरवू शकतात. प्रवाशाला दहा दिवस थांबता येत नाही. पण कुत्र्याचा फोटो तिथल्या माणसाकडे ठेवला तर तो दहाव्या दिवशी बघून सांगू शकतो. तो निरोप खात्रीचा नसेल तर मात्र सगळे डोस पुरे करायचे. आणि माझ्यासारखी ज्यांची कुत्र्यांमध्येच उठबस आहे त्यांनी ही लस आधीच घेऊन ठेवावी. मी घेतली आहे. मग पुढं चावा झालाच तर दोनच डोस लागतात, सीरम लागत नाही.

जूनमध्ये लडाखला चाललो आहोत. पँगाँगला कुत्री फार असतात असं ऐकलं. त्यांच्यासाठी बिस्किटांचा खोका नेणार आहे. फोटोसाठी काही सूचना?
— एक वाचक, ठाणे

खोका घरीच ठेवा. मला हे लिहिताना वाईट वाटतं, कारण तुमच्या मनात माया आहे. पण तिथली गोष्ट आपल्या गल्लीसारखी नाही. छावण्यांच्या आणि पर्यटकांच्या खरकट्यावर वाढलेली कुत्री तिथं टोळ्यांनी फिरतात, आणि भूक लागली की रानात शिरतात. काळ्या मानेचा क्रौंच, जो लडाखचा राज्यपक्षी आहे, तो हानले आणि त्सो कारच्या पाणथळीत जमिनीवर घरटं करतो. त्याची अंडी आणि पिल्लं ही कुत्री खातात. उन्हाळ्यात बिस्किटांवर टोळी वाढते आणि बर्फ पडला की तिला कुणी विचारत नाही. बिस्किटांचे पैसे लेहमध्ये कुत्र्यांची नसबंदी जे करतात त्यांना द्या. फोटो गाडीतूनच काढा, टोळीसमोर पायी उतरू नका.

आंबोलीत चहाच्या टपरीपाशी लूत लागलेलं एक कुत्रं बसलं होतं, अंगावर केस नाहीत, कातडी हत्तीसारखी. मी फोटो काढला, मैत्रिणींना पाठवला. एकीनं लिहिलं, "फोटो काढलास आणि आलीस?" ते मला लागलं. असे फोटो काढूच नयेत का?
— एक वाचक, इचलकरंजी

काढावेत. मैत्रिणीचं वाक्य मनाला लावून घेऊ नका, तुमचं काम अर्धं झालेलं आहे आणि उरलेलं अजून करता येईल. लूत लागलेलं कुत्रं आता मरणार असं वाटतं, पण बहुतेकदा तसं नसतं. कातडीत शिरलेल्या बारीक किड्यांचा तो रोग आहे. पशुवैद्यानं वजन बघून औषध दिलं, ते नेमानं झालं, की काही आठवड्यांत केस परत फुटतात. माझ्याकडे मेढ्याच्याच एका कुत्र्याचे दोन फोटो आहेत, एक फेब्रुवारीतला, एक मे महिन्यातला. ते एकच कुत्रं आहे हे लोकांना शेपटीच्या वळणावरून पटवून द्यावं लागतं.

अशा वेळी तीन फोटो काढावेत. एक अख्ख्या अंगाचा, बाजूनं. एक जखमेचा, पुरेसा जवळून, म्हणजे डॉक्टरला खपली आहे की अळ्या पडल्यात ते दिसेल. (अळ्या असतील तर रॉकेल किंवा फिनेल ओतायला कुणालाही देऊ नका.) आणि एक मागची पाटी, दुकान, मैलाचा दगड दिसेल असा. पहिल्या दोनांपेक्षा तिसरा महत्त्वाचा, कारण 'आंबोलीत एक कुत्रं आहे' एवढ्यावर कुणी शोधायला जाऊ शकत नाही. हे तीन फोटो सगळ्या जगाला पाठवण्याऐवजी एका माणसाला पाठवा जो तिथं रोज असतो, आणि जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला फोन करून औषधाचा खर्च मी देते म्हणून सांगा. बहुतेक वेळा टपरीवालाच भाकरीत गोळी घालून द्यायला तयार होतो. त्याच्यापाशी ते रोज बसलेलं असतं, त्यालाही बघवत नसतं.

तुम्ही पाठवलेला फोटो मी मोठा करून पाहिला. मागं टपरीच्या पाटीवर मोबाइल नंबर रंगवलेला आहे, शेवटचे दोन आकडे तेवढे खांबाआड गेलेत. दुसऱ्या कोनातून काढलेला एखादा फोटो तुमच्याकडे असेल तर तो आधी शोधा.